गल्लीतल्या अळ्या, पठारावरचे तारे: माहिती गोळा करून नकाशा कसा काढावा

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर या काळात आकाश ढगांनी झाकलेले असते आणि पेठांमधील पिंपे, हौद, गच्चीवर टाकून दिलेले टायर पाण्याने भरलेले असतात. दिवाळीनंतर आकाश उघडते आणि पठारावर रात्र काढता येते. या ऋतुमानामुळेच मला एकमेकांपासून दूर वाटणाऱ्या दोन विषयांचे काम वर्षभर आलटून पालटून करता आले: पावसाळ्यात डेंग्यूच्या डासांच्या अळ्यांचे घरोघर सर्वेक्षण आणि हिवाळ्यात रात्रीच्या आकाशाच्या उजेडाचे मोजमाप. मी मूळची संख्याशास्त्राची विद्यार्थिनी असल्यामुळे दोन्हीकडे माझे काम एकच होते, ते म्हणजे नोंदी नीट घेतल्या जाव्यात आणि त्यांचा नकाशा खरा निघावा.

पहिल्या पावसाळ्यात तो खरा निघाला नाही. आम्ही ज्या घरांत अळ्या सापडल्या तेवढ्याच घरांची नोंद केली होती. तीन आठवड्यांनी नकाशावर लाल ठिपके उमटले, तेव्हा एका ज्येष्ठ आरोग्य सेविकेने एका मोकळ्या गल्लीवर बोट ठेवून विचारले, "इथं अळ्या न्हवत्या, का घरं बंद हुती, का तुम्ही गेलाच न्हाई?" आमच्या कागदात या प्रश्नाचे उत्तर नव्हते आणि ते सगळे काम पुन्हा करावे लागले. पुढील पायऱ्या नव्याने हे काम हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, शिक्षकांसाठी आणि तालीम मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी लिहिल्या आहेत, आणि जवळपास प्रत्येक पायरीमागे त्या सेविकेचा प्रश्न उभा आहे.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

"डेंग्यूचा अभ्यास" किंवा "प्रकाश प्रदूषणाचा अभ्यास" हे विषय झाले, प्रश्न नव्हेत. "मंगळवार पेठेतील निवडलेल्या गल्ल्यांत, ऑगस्टमध्ये, तपासलेल्या दर शंभर घरांपैकी किती घरांत डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अळ्या आढळतात?" हा प्रश्न आहे, कारण त्यात जागा, काळ, मोजायची गोष्ट आणि छेद, म्हणजे ती कशामागे मोजायची, या चारही बाबी ठरलेल्या आहेत. त्याचप्रमाणे "बिंदू चौकापासून गगनबावड्याच्या रस्त्याने पश्चिमेकडे जाताना डोक्यावरचे आकाश किती अंतरावर किती काळोखे होते?" हाही प्रश्न आहे. वाक्यात छेद लिहिता येत नसेल, तर गल्लीत पाऊल टाकण्याची घाई करू नका.

२. कागदपत्रे आणि परवानग्या

या कामाला वाटतो त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. पावसाळ्यातील सर्वेक्षणासाठी पत्रव्यवहार एप्रिलमध्येच सुरू करावा. आम्हाला पुढील गोष्टी लागल्या:

- महाविद्यालयाचे किंवा संस्थेचे पत्र आणि प्रत्येकाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र.
- महापालिकेच्या किंवा ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आरोग्य विभागाला दिलेले पत्र आणि त्याची पोच.
- व्यक्तींच्या आजाराची माहिती विचारणार असाल, तर संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी मान्यता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे यासाठी वाचावीत.
- सोप्या मराठीतील संमतीपत्र. त्यात आपण काय विचारणार, ते कोणाला दाखवणार आणि "नाही" म्हटले तरी काही बिघडणार नाही, या तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात.
- रात्रीच्या कामासाठी स्थानिक पोलीस ठाण्याला आणि ग्रामपंचायतीला माहितीचे पत्र. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत जायचे असल्यास वन विभागाची परवानगी.

नुसते पाण्याचे पिंप तपासायचे असेल, तर समितीची गरज नाही असे काहींना वाटते. समितीला विचारून तिच्याकडूनच तसे लेखी घ्यावे. स्वतः ठरवू नये.

कागदावर न मावणारी एक परवानगी पेठांमध्ये लागते, ती म्हणजे तालमीची. गल्लीतील तालीम मंडळाच्या दोन कार्यकर्त्यांना आदल्या दिवशी भेटून कामाचा हेतू सांगितला, की दुसऱ्या दिवशी दारे उघडतात. आम्ही न भेटता गेलो होतो त्या गल्लीत निम्म्याहून अधिक घरांनी उंबऱ्यावरूनच परत पाठवले.

३. साधने

अळ्यांसाठी विजेरी, पांढऱ्या रंगाची खोलगट पळी, झाकणाच्या लहान बाटल्या, पेन्सिल आणि खडू पुरतात. आकाशासाठी आकाशाची दीप्ती मोजणारे हातातले यंत्र, म्हणजे स्काय क्वालिटी मीटर, लाल कागद लावलेली विजेरी आणि उबदार कपडे लागतात. यंत्र नसेल, तर डोळ्यांनी ताऱ्यांची मोजणी करता येते. ग्लोब ॲट नाइट हा जागतिक उपक्रम २००६ पासून याच पद्धतीवर चालतो: मृग नक्षत्रासारखा ओळखीचा तारकासमूह पाहायचा आणि दिलेल्या चित्रांपैकी कोणत्या चित्राशी आपले आकाश जुळते ते नोंदवायचे. दोन्ही कामांसाठी फोनवर ओडीके किंवा कोबो यांपैकी एक मोफत नोंद-प्रणाली आणि संगणकावर क्यूजीआयएस हे मोफत नकाशा-सॉफ्टवेअर घ्यावे. याहून महागड्या गोष्टींच्या मागे सुरुवातीला लागू नये.

४. नोंदपत्रक: या पायरीवर सर्वाधिक वेळ द्या

नोंदपत्रकाची एक ओळ म्हणजे एक भेट. अळ्या सापडोत न सापडोत, दार उघडो न उघडो, प्रत्येक भेटीची ओळ भरलीच पाहिजे. त्यामुळे निकालाच्या रकान्यात "हो" आणि "नाही" एवढेच पर्याय ठेवू नका. आमच्या पत्रकात आता पाच पर्याय असतात: अळ्या आढळल्या, तपासले पण आढळल्या नाहीत, घर बंद, परवानगी नाकारली, आणि तपासणी अर्धवट. आकाशाच्या पत्रकातही हेच तत्त्व पाळतो: मोजले, ढगांमुळे मोजता आले नाही, जवळच्या दिव्यामुळे मोजता आले नाही, पोहोचलो नाही. रिकामा रकाना आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पत्रकालाच माहीत असले पाहिजे, कारण रात्री अकरा वाजता दमलेल्या माणसाला ते आठवत नाही.

हा फरक किती मोलाचा आहे, हे १८५४ मध्ये लंडनमध्ये डॉक्टर जॉन स्नो यांनी दाखवून दिले. ब्रॉड स्ट्रीटवरील ज्या पंपाच्या पाण्यातून पटकी पसरली, त्याभोवती मेलेल्यांचा नकाशा सर्वांना ठाऊक असतो. पण मला त्यातील माणसे न मेलेल्या जागा अधिक शिकवून गेल्या. पंपाजवळच्या, गरिबांना ठेवत त्या कामघरात पाचशेहून अधिक माणसे राहत होती आणि त्यांपैकी फक्त पाच जण दगावले. त्या कामघराला स्वतःचा पंप होता. शेजारच्या दारूभट्टीतील सत्तरएक कामगारांपैकी कोणीही पटकीने मेले नाही. ते तिथेच मद्य पीत आणि त्या पंपाचे पाणी घेत नसत. याउलट दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा त्याच पंपाचे पाणी आवडीने मागवून पीत असे, आणि ती दगावली. स्नो यांनी दारोदार जाऊन पाणी कोठून येते हे विचारले नसते, तर नकाशावरील या मोकळ्या जागा नुसत्या मोकळ्याच राहिल्या असत्या.

खगोलशास्त्रात याच्या उलट घडलेले उदाहरण आहे. विल्यम हर्शेल यांनी आकाशाच्या सहाशेहून अधिक भागांत दुर्बीण रोखून प्रत्येक ठिकाणी किती तारे दिसतात ते मोजले आणि १७८५ मध्ये आपल्या आकाशगंगेचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात सूर्य जवळजवळ मध्यभागी होता. मोजणी प्रामाणिक होती. परंतु जिथे तारे दिसत नाहीत तिथे ते संपले, असे त्यांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात ताऱ्यांमधील धूळ पलीकडचा प्रकाश अडवत होती, आणि ते खात्रीने दाखवण्यासाठी १९३० साली रॉबर्ट ट्रम्पलर यांचे काम यावे लागले. "दिसले नाही" आणि "नाही" यांमधील अंतर ओलांडायला दीडशे वर्षे लागली.

पत्रकातील बाकीचे रकाने असे ठेवावेत: भेटीचा क्रमांक, तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, स्थाननोंदीची अचूकता मीटरमध्ये, पाहणाऱ्याचे आद्याक्षर, लिहिणाऱ्याचे आद्याक्षर आणि शेरा. अचूकतेचा रकाना अनेकांना फालतू वाटतो. युरोपच्या गैया उपग्रहाने २०२२ मध्ये दिलेल्या तिसऱ्या संचात सुमारे १८० कोटी ताऱ्यांची नोंद आहे आणि तिथे ताऱ्याच्या स्थानाच्या प्रत्येक आकड्याशेजारी त्याची संभाव्य चूक किती, याचा वेगळा रकाना आहे. हा संच सर्वांना मोफत मिळतो. पत्रक कसे असावे हे पाहण्यासाठी त्यातील शंभर ओळी उतरवून वाचल्या तरी डोळे उघडतात.

पाहणारा आणि लिहिणारा वेगळा असावा. हर्शेल दुर्बिणीतून पाहून आकडे सांगत आणि त्यांची बहीण कॅरोलिन वेळेसह लिहून घेत असे. पठारावर याचे कारण सरळ आहे: कागद पाहायला उजेड लागतो आणि उजेड पाहिला की डोळ्यांची अंधाराला सरावलेली नजर जाते. गल्लीतही तेच सोयीचे ठरते, कारण ओल्या हातांनी फोन हाताळता येत नाही.

५. कोठे पाहायचे ते आधी ठरवा

ओळखीच्या घरांपासून सुरुवात करण्याचा मोह होतो. तो टाळावा. गल्लीच्या एका टोकाकडून घरांना क्रमांक द्या, चिठ्ठी टाकून सुरुवातीचे घर काढा आणि तिथून प्रत्येक पाचवे घर घ्या. ते घर बंद असेल, तर त्याऐवजी शेजारचे घर घेऊ नका. "बंद" लिहा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत या. दिवसा बंद असणारी घरे बहुधा सगळे कामावर जाणाऱ्यांची असतात, आणि त्यांच्याकडे पाणी साठवण्याची गरज जास्त असते. त्यांना वगळले की नकाशा घरी असणाऱ्यांचाच होतो.

दवाखान्यातील यादीवरून नकाशा काढणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शहरातील मोठ्या रुग्णालयांत सिंधुदुर्गातून, निपाणी-चिकोडी भागातून रुग्ण येतात आणि नाव नोंदवताना अनेकदा इथल्या नातेवाइकांचा पत्ता देतात. शिवाय रुग्णालयापर्यंत पोहोचतो तो आजार मुळातच तीव्र असतो. खगोलशास्त्रात हेच घडते: दूरवरच्या ताऱ्यांपैकी फक्त तेजस्वी तारे दिसतात, आणि त्यामुळे दूरचे सगळेच तारे तेजस्वी असावेत असा भास होतो. यादी मिळाली की पहिला प्रश्न "या यादीत कोण येऊ शकले नाही?" हा विचारावा.

आकाशासाठी आम्ही एकाच रस्त्यावरची ठिकाणे निवडली: बिंदू चौक, रंकाळा, फुलेवाडी, बालिंगा, कळे आणि पुढे गगनबावडा. दुसऱ्या वर्षी पन्हाळ्यापलीकडचे मसाई पठार घेतले. प्रत्येक ठिकाणी रस्त्यावरच्या दिव्यापासून दूर, चारही बाजूंनी मोकळी अशी नेमकी जागा दिवसा जाऊन ठरवावी आणि तिचे छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे पुढल्या महिन्यात त्याच जागी उभे राहता येते.

६. गल्लीत: अळ्यांची तपासणी

सकाळी आठ ते अकरा ही वेळ बरी. दारात उभे राहून आधी आपण औषध टाकायला आलेलो नाही हे सांगावे, कारण पिण्याच्या पाण्यात कोणी काही टाकेल ही भीती सर्वांत मोठी असते. "मावशी, नुसतं पाणी बघायचंय, हात घालणार नाही" एवढे म्हटले की बहुतेक जणी स्वतःच पिंपाचे झाकण उचलतात.

झाकण उचलल्यावर लगेच वाकून पाहू नका. आपली सावली पाण्यावर पडली, की अळ्या वळवळत तळाला जातात आणि पाणी स्वच्छ दिसते. बाजूला उभे राहून अर्धा मिनिट थांबा. श्वास घेण्यासाठी त्या पुन्हा वर येतात. एडिसची अळी पृष्ठभागाला शेपटाकडून लटकून तिरकी खाली लोंबते, तर मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलिसची अळी पृष्ठभागाला समांतर पडून असते. मग पांढरी पळी कडेने तिरकी घालून पाणी घ्यावे. पांढऱ्या बुडावर काळपट रेघांसारख्या हालचाली स्पष्ट दिसतात. बाहेरचे पिंप पाहून परत फिरू नये. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचा टायर, नारळाच्या करवंट्या, वापरात नसलेला रांजण आणि पेठांमध्ये अजूनही असलेल्या म्हशींच्या गोठ्यातील हौद, हे सर्व विचारून पाहावे. आम्हाला सर्वाधिक अळ्या स्वयंपाकघरात मिळाल्या नाहीत. त्या देवघरामागच्या, कोणी महिनाभर न हलवलेल्या एका पितळी घागरीत मिळाल्या.

प्रत्येक भांड्यासाठी त्यातील पाणी किती दिवसांपूर्वी भरले ते विचारून लिहा. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून काल घासून भरलेल्या पिंपात अळ्या नसणे आणि पंधरा दिवस साठलेल्या पिंपात नसणे यांचा अर्थ एक नाही. आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा असे आरोग्य विभाग सांगतो ते याच हिशेबाने. भांडे नुसते ओतून चालत नाही, कडा घासाव्या लागतात. एडिसची अंडी कोरड्या कडेला चिकटून अनेक महिने तग धरतात.

हिशेब करताना तीन आकडे काढतात. हाऊस इंडेक्स म्हणजे तपासलेल्या दर शंभर घरांपैकी अळ्या आढळलेली घरे. कंटेनर इंडेक्स म्हणजे पाणी असलेल्या दर शंभर भांड्यांपैकी अळ्यांची भांडी. आणि ब्रेटो इंडेक्स म्हणजे तपासलेल्या दर शंभर घरांमागे अळ्यांची भांडी. समजा, यादीत ४० घरे होती, २६ उघडी मिळाली आणि ४ घरांत अळ्या आढळल्या. हाऊस इंडेक्स ४ भागिले २६, म्हणजे सुमारे १५ टक्के. ४० ने भागले तर १० टक्के येतात आणि गल्ली आहे त्यापेक्षा सुरक्षित दिसते. बंद घरांना "अळ्या नसलेली" मानण्याची चूक अशी गुपचूप होते.

अळ्या सापडल्या तर नोंद करून पुढे निघून जाऊ नये. घरच्यांना दाखवावे, भांडे रिकामे करायला मदत करावी आणि आशा सेविकेला कळवावे.

७. पठारावर: आकाशाची दीप्ती

चंद्र नसलेल्या रात्री निवडा. अमावास्येच्या आगेमागे चार-पाच दिवस मिळतात. सूर्यास्तानंतर सुमारे सव्वा तास थांबावे, कारण सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेल्याशिवाय संधिप्रकाश पूर्ण संपत नाही. डोळ्यांनी मोजणार असाल, तर अंधारात आणखी अर्धा तास नजर सरावू द्या आणि त्या काळात फोन खिशातच ठेवा.

यंत्र डोक्याच्या वर, हात लांब करून, सरळ माथ्यावरच्या आकाशाकडे धरावे. पहिले वाचन सोडून द्यावे आणि पुढची पाच लिहावीत. मसाई पठारावर जानेवारीत यंत्राच्या भिंगावर दव जमते आणि आकडा हळूहळू वाढत जातो, म्हणजे आकाश अधिक काळोखे होत असल्याचा भास होतो. आम्हाला पहिल्या रात्री आनंद झाला होता. कापडाने भिंग पुसल्यावर आकडा परत खाली आला. तेव्हापासून प्रत्येक संचाआधी भिंग पुसून तशी खूण शेऱ्यात करतो.

या आकड्याची मोजपट्टी समजून घ्यावी. तो जितका मोठा, तितके आकाश काळोखे. झगमगत्या शहरात तो १७-१८ च्या आसपास असतो, अतिशय काळोख्या जागी २२ च्या जवळ जातो, आणि ५ चा फरक म्हणजे उजेडात शंभर पट फरक. त्यामुळे वाचनांची नेहमीची सरासरी काढू नका; पाचांपैकी मधले वाचन घ्या.

कोल्हापूरपुरती एक सूचना. गुऱ्हाळे आणि कारखाने सुरू असतात त्या महिन्यांत, आणि उसाचा पाला पेटवतात त्या संध्याकाळी, हवेतल्या धुरामुळे शहराचा उजेड अधिक विखुरतो आणि शहराजवळची वाचने बदलतात. म्हणून "धूर/धुके" असा एक रकाना ठेवा आणि एकाच ठिकाणी निदान तीन वेगळ्या रात्री मोजा.

उपग्रहाचा रात्रीचा नकाशा तयार मिळत असताना पठारावर का जायचे, असे विचारणारे भेटतात. २०११ पासून फिरणाऱ्या सुओमी एनपीपी उपग्रहावरील संवेदक सुमारे ७५० मीटरच्या चौकोनात रात्रीचा उजेड टिपतो, पण निळा प्रकाश त्याला जवळजवळ दिसत नाही. पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी बसवले, की उपग्रहाला तो भाग मंदावल्यासारखा दिसू शकतो, आणि खाली उभ्या माणसाला मात्र तारे कमी झालेले दिसतात. म्हणून दोन्ही नोंदी हव्यात.

८. त्याच दिवशी तपासणी

नोंदी घरी आल्यावर त्याच दिवशी पाहाव्यात. आठवड्याने कोणालाच काही आठवत नाही. नेहमी सापडणारे सापळे असे आहेत.

फोन बऱ्याचदा आधीच्या जागेचेच स्थान पकडून ठेवतो. पेठांच्या अरुंद बोळांत उपग्रहांचा संकेत भिंतींवरून परावर्तित होऊन येतो आणि घर दोन गल्ल्या सरकते. अचूकता १० मीटरच्या आत येईपर्यंत थांबा, आणि तरीही पत्ता शब्दांत लिहाच.

अक्षांश-रेखांश उलटे पडतात. कोल्हापूर सुमारे १६.७० उत्तर आणि ७४.२४ पूर्व आहे. उलटे भरले तर ठिपका नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात पडतो. दशांशानंतर पाच अंक ठेवा. पाचवा अंक सुमारे एक मीटरचा असतो आणि त्यापुढचे अंक फोनला खरोखर माहीत नसतात.

घर क्रमांक "५/१२" असा भरला की एक्सेल त्याची तारीख करून टाकते. भरण्याआधीच रकाना "मजकूर" प्रकारचा करावा. जुन्या मराठी फाँटमधील याद्या युनिकोडमध्ये आणल्याशिवाय वापरू नयेत. "कसबा बावडा", "क. बावडा" आणि "बावडा" ही संगणकाला तीन गावे वाटतात, ठिकाणांची यादी आधी ठरवून त्यातूनच निवड करू द्या.

पत्त्यातील ए, बी, सी, डी, ई हे सिटी सर्व्हेचे वॉर्ड आणि निवडणुकीचे प्रभाग वेगळे आहेत, आणि प्रभागांच्या हद्दी बदलत असतात. कोणती हद्द व कोणत्या वर्षाची, ते नकाशावर छापा.

वेळेचाही घोळ होतो. खगोलशास्त्रातील नोंदी जागतिक वेळेत ठेवतात आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. १२ तारखेच्या पहाटे दोन वाजता केलेली नोंद जागतिक वेळेत ११ तारखेच्या रात्री साडेआठची असते. वेळेसोबत ती कोणती वेळ आहे हे प्रत्येक पत्रकाच्या माथ्यावर लिहा.

९. नकाशा काढणे

क्यूजीआयएसमध्ये फोनवरील स्थाने आणताना डब्ल्यूजीएस ८४ ही अक्षांश-रेखांशांची पद्धत निवडावी. अंतरे मीटरमध्ये मोजायची असतील, तर यूटीएम प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मीटरमध्ये उतरवण्याच्या पद्धतीचा, ४३ उत्तर हा विभाग घ्यावा. कोल्हापूर त्यातच येते. आकाशातील ताऱ्यांच्या स्थानांनाही अशीच पद्धत लागते: विषुवांश आणि क्रांती हे आकडे कोणत्या वर्षाच्या संदर्भाने दिले आहेत हे सांगावे लागते, कारण पृथ्वीच्या आसाच्या मंद डुलण्यामुळे ते वर्षाला सुमारे ५० विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतात. म्हणून याद्यांवर २००० चा संदर्भ लिहिलेला असतो.

पहिला थर तपासलेल्या सर्व ठिकाणांचा, राखाडी रंगात काढा. त्यावर अळ्या आढळलेली घरे लाल. बंद आणि नाकारलेली घरे पोकळ वर्तुळात. जिथे गेलोच नाही तो भाग तिरक्या रेषांनी भरा. हा तिरक्या रेषांचा भाग पाहताना संकोच वाटतो, पण मी आता त्याशिवाय कोणताही नकाशा बाहेर जाऊ देत नाही.

रुग्णसंख्या रंगवायची असेल, तर संख्या न रंगवता दर हजारी प्रमाण रंगवा. नाही तर गगनबावड्यासारखा विरळ वस्तीचा तालुका क्षेत्रफळामुळे डोळ्यांत भरतो आणि इचलकरंजीची दाट वस्ती एका ठिपक्यात मावते. छेदासाठी बहुतेक जण २०११ ची जनगणना वापरतात. तेव्हा कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. त्यानंतर उपनगरे बरीच वाढली आहेत, म्हणून लहान भागासाठी स्वतः मोजलेली घरे हाच चांगला छेद. दोनशे माणसांच्या गल्लीत दोन रुग्ण निघाले तर प्रमाण हजारी दहा होते, आणि एक रुग्ण कमी झाला की निम्मे. इतक्या लहान आकड्यांवर गडद रंग देऊ नका, शेजारच्या गल्ल्या एकत्र करा.

१०. नकाशा दाखवण्याआधी

पेठेत प्रत्येक घर प्रत्येकाला माहीत असते. नाव काढले तरी ठिपका पाहून "हे तर अमुकांचं घर" असे लोक लगेच म्हणतात, आणि आजाराचा ठपका त्या कुटुंबावर बसतो. म्हणून बाहेर दाखवण्याच्या नकाशात घरांऐवजी गल्ली किंवा चौकोन रंगवा, पाचपेक्षा कमी रुग्णांचा आकडा छापू नका, आणि नावे व क्रमांक जोडणारी यादी वेगळ्या, कुलूपबंद ठिकाणी ठेवा. आकाशाच्या नकाशाला ही अडचण नाही. तो कच्च्या नोंदींसह सर्वांना देऊन टाकावा, म्हणजे दुसऱ्यांना पुढल्या वर्षी त्याच जागी उभे राहून तुलना करता येईल.

छापील नकाशा सर्वांत आधी त्या गल्लीत न्या. आम्ही तो तालमीच्या भिंतीवर लावला, तेव्हा एका काकूंनी तिरक्या रेषांच्या भागावर बोट ठेवून सांगितले की तिथल्या वाड्यामागे एक बुजवलेली विहीर आहे आणि पावसाळ्यात तिच्या कठड्यात पाणी साचते. दुसऱ्या दिवशी सकाळी पळी आणि बाटल्या घेऊन आम्ही तिथे गेलो आणि त्या जागेची ओळ पत्रकात भरली: तपासले, अळ्या आढळल्या, पाणी साचून सुमारे बारा दिवस.